चपला मोजून पीठ

काटवटीत पीठ घ्यायच्या आधी
मी उंबऱ्याभायेर डोकावून चपला मोजती.
जेवढे जोड तेवढ्या भाकरी, वर एक.
वरची ती सासूबाईंची शिकवण,
कुणाची म्हणून विचारायचं नसतं.

आज दुपारीच एक जोड जास्तीचा,
निळ्या पट्ट्यांचा, टाचेला मंगळवेढ्याची काळी माती.
सर्व्हेवाली पोरगी. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर टॅब.
"घरात माणसं किती?"

आता काय सांगायचं.
कार्डावर सहा.
त्यातले मामंजी मलकारी जाऊन तीन वर्षं झाली,
त्यांचं नाव कमी करायला कागद नेला
तर माझंच कमी होऊन आलं.
थोरले भाऊजी रेवणसिद्ध पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
चूल घेऊन आडभिंतीपल्याड गेले.
धूर दोन, कार्ड एक,
आन् ते त्यांच्या पत्र्याच्या पेटीत.
नणंद लगमव्वा दोन लेकरं घेऊन माघारी आलीय,
तिचं नाव अजून तिकडं इंडीच्या दुकानात धान्य उचलतं.
आमचे हे ट्रॅक्टरवर, आठवड्यातनं दोन रात्री घरी.
"मग मी किती लिहू?"
म्हटलं, चपला मोज बाई.
सासूबाई अनवाणी असतात, ती एक वाढव.

"स्वतःची जमीन?"
हाय की. पावणेदोन एकर, सातबारा भाऊजींकडं.
मालदांडी अशी यायची की ताटांत माणूस दिसायचा न्हाई.
मग कालव्याला पाणी आलं, आन् ऊस बांधापतूर.
मी म्हटलेलं, चार तासं जोंधळ्याची ठेवा.
म्हणाले, पैसा आला की ज्वारी काय, दुकानच घरी आणू.
पैसा येतो. दीड वर्षानं येतो.
भूक रोज दिवेलागणीला येती.
अंगणातल्या पेवावर आता मोटारसायकल उभी असती.
"इथं खाली पेव आहे?" पोरीनं पाय वर घेतले.
बस गं, म्हटलं, रिकामं हाय.

रेशनला सासूबाईंचा अंगठा लागतो.
खुरपून खुरपून त्याच्या रेघा गेल्यात.
दुकानदार "या निंगव्वा" म्हणून हाक मारतो,
मशीन म्हणतं ओळख पटत नाही,
मग तोच म्हणतो, उद्या बघू.

"गेल्या बारा महिन्यांत, धान्य नाही म्हणून
घरात कुणी उपाशी झोपलं का?"
न्हाई.
"कुणी एखाद्या वेळचं जेवण टाळलं?"
टाळलं न्हाई. सोमवार असतो माझा.
दिवाळीपासनं गुरुवारबी धरलाय.
आन् महिना सरत आला
की देव जरा जास्तच आठवतात.
पोरगी हसली, मग हसायची थांबली.
देवाला रकाना नव्हता.

दोन वाजून गेलेले. तू काय खाल्लंस, विचारलं.
"सकाळी बस पकडायची होती, मग..."
शिंक्यातली कडक भाकरी काढली, कालची, वरची ती.
शेंगाची चटणी, तेलाची धार,
कांदा बुक्कीनं फोडला.
नको नको म्हणत अख्खी खाल्ली तिनं.
बरं झालं.
आज बुधवार. बुधवारी कोणता देव असतो
ते संध्याकाळी बघावं लागंल.

ताटली बाजूला सारून तिनं शेवटचं वाचलं,
"अचानक कुणी आलं तर वाढण्याइतकं अन्न घरात असतं का?"
आम्ही दोघी त्या ताटलीकडं बघत बसलो.

हो, म्हटलं. लिही की.

तिनं काचेवर बोट दाबलं. उमटेना.
परत दाबलं. बोटाला चटणीचं तेल.
भिंतीला टेकलेल्या सासूबाई
सकाळपासनं पहिल्यांदाच बोलल्या,
"तुझाबी अंगठा गेला का गं?"

ओढणीला पुसून
तिनं पुन्यांदा दाबलं.